हातमागाच्या लोकरीचा कोट करविताना

लोकरीचा कोट करावयाचा असे मनाशी ठरले म्हणजे आपल्यापैकी बहुतेक जण प्रथम शिंप्याचे दुकान गाठतात, तेथे टांगलेल्या चित्रांतून एखादी तऱ्हा पसंत करतात, आणि मग त्या तऱ्हेला लागेल तेवढे कापड गिरणीच्या ठाणातून फाडून घेतात. गिरणीच्या कापडाला हा शिरस्ता शोभतो, कारण ते कापड ठाणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंगात, वजनात वा पन्ह्यात तसूभरही बदलत नाही, आणि शिंप्याचा हात त्याला सरावलेला असतो. परंतु हाताने रंगविलेल्या व हातमागावर विणलेल्या लोकरीच्या कापडाला हाच शिरस्ता लावला तर कापड आणि कोट या दोहोंचीही हानी होते. येथे कापड प्रथम, त्या कापडाची पुरती ओळख त्यानंतर, आणि तऱ्हेचा विचार सर्वांच्या शेवटी, असा क्रम ठेवावा लागतो. कोट चांगला होणार की वाईट, याचा निम्म्याहून अधिक निकाल कात्री कापडाला लागण्यापूर्वीच झालेला असतो. पुढील विवेचन मुख्यत्वे या पूर्वतयारीविषयी आहे, आणि प्रत्यक्ष शिवणीविषयी त्या मानाने थोडे आहे, ते याच कारणास्तव.

दक्षिणेतील वाचकांस लोकरीचा कोट ही समारंभाची वस्तू वाटण्याचा संभव आहे. ग्वाल्हेरची गोष्ट निराळी. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली, तिचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले, आणि त्या छावणीमागोमाग जी मराठी कुटुंबे येथे येऊन राहिली त्यांना उपरणे आणि बाराबंदी यांवर उत्तरेचा हिवाळा काढता येत नाही हे लवकरच कळून आले असले पाहिजे. पौषात दाना ओलीसारख्या दाट वस्तीच्या गल्लीत उन्हे उशिरा उतरतात, रात्रीचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत आणि थंडीच्या लाटेत त्याच्याही खाली जातो. आणि हेच शहर ज्येष्ठात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापते. म्हणजे येथील कोटाला अडीच-तीन महिने रोज अंगावर राहावयाचे आणि उरलेले नऊ महिने उष्णता, पावसाळी दमट हवा व कसर यांना तोंड देत पेटीत पडून राहावयाचे, अशी दुहेरी नोकरी करावी लागते. जो कोट ही दोन्ही कामे निभावून नेईल तोच येथे खरा उपयोगाचा.

जियाजीराव कॉटन मिल्स १९२१ साली येथे उभी राहिली आणि पुढे सुटिंगच्या कापडामुळे ग्वाल्हेरचे नाव देशभर कोटांच्या दुकानांत पोहोचले, हे सर्वश्रुत आहे. गिरणीच्या कापडाबद्दल माझ्या मनात अनादर नाही. परंतु त्याच शहरात हातकामाचाही एक प्रवाह अखंड चालू राहिला आहे. मध्यभारत खादी संघात हातमागाच्या खादीचे राष्ट्रध्वज सिद्ध होतात, आणि ज्या गालिच्यांना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते हाताने गाठी मारून विणलेले ग्वाल्हेरी गालिचे म्हणजे लोकर, रंगाची कढई आणि माग यांचाच व्यवहार होय. लोकरीचा दोरा कसा रंगवावा हे जाणणारी माणसे आपल्याच गावात असताना केवळ चौकशी न केल्यामुळे आपण त्यांच्या ज्ञानाला मुकतो, याचे मला वाईट वाटते.

कापड कोठून आणावे? आमच्याकडे याचे पहिले उत्तर मेळा हे आहे. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली गुरांच्या बाजाराच्या रूपाने सुरू केलेला हा मेळा ऐन थंडीत भरतो, आणि त्यात हिमाचल, काश्मीर येथील लोकरीच्या कापडाची व निरनिराळ्या खादी संस्थांची दुकाने येतात. मात्र मेळ्यात घेतलेल्या कापडाचा कोट त्याच हिवाळ्यात अंगावर चढवावा असा हव्यास धरू नये. या वर्षी घेतलेले कापड पुढील वर्षीच्या कोटासाठी, असे समजून घेतले म्हणजे रंगाची परीक्षा, कापड आटविणे आणि शिंप्याच्या सवडीचा काळ ही सारी कामे घाई न करता होतात. ज्यांना कापड स्वतःच्या पसंतीने विणवून घ्यावयाचे असेल त्यांनी सूत वसंतात रंगवावे, माग पावसाळ्यात चालू द्यावा, आणि कापड नवरात्रापूर्वी हाती यावे अशी तजवीज ठेवावी.

लोकरीच्या जाती अनेक, पण कोटाच्या दृष्टीने तीन वर्ग ध्यानात ठेवले तरी पुरते. पहिला वर्ग हिमालयाच्या उतारावरील, कुलू व काश्मीरकडील पट्टूचा आणि पट्टीचा. तिची वीण बहुधा तिरक्या रेघांची, घट्ट आणि अंगाला बसणारी असते, आणि प्रथमच कोट करविणाऱ्याने हीच घ्यावी असा माझा आग्रह आहे. दुसरा वर्ग राजस्थानी लोकरीच्या खादीचा. तेथील मेंढ्यांत चोकला जातीची लोकर त्यातल्या त्यात तलम, मगरा जातीची जाड आणि चकाकदार. मगराची लोकर गालिच्याला उत्कृष्ट, पण कोटाच्या गळपट्टीला टोचणारी. तिसरा वर्ग आपल्या घरचा, म्हणजे दख्खनी मेंढीच्या लोकरीचा, जिची घोंगडी माण, आटपाडी, जत या टापूंतील धनगर व सनगर मंडळी खड्ड्याच्या मागावर पिढ्यान्‌पिढ्या विणीत आली आहेत. या लोकरीवर माझे फार प्रेम आहे. ती आखूड आणि भरड असते, पण पावसाचे पाणी तिच्यावरून निथळून जाते आणि वारा तिच्यातून शिरत नाही. तिचा कोट करावयाचा तर तो वरून घालावयाचा ओव्हरकोटच असावा, त्याला गळ्यापासून मनगटापर्यंत पूर्ण अस्तर असावे, आणि त्याकरिता तयार घोंगडी कधीही कापू नये. घोंगडी ही चारी बाजूंनी पुरी झालेली वस्तू आहे. कोटासाठी विणकराला वेगळे, कमी वजनाचे कापड सांगावे. घोंगडीच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ कुंच्याने दिलेली असते, ती कोमट पाण्यात दोन-तीनदा भिजवून पूर्णपणे काढावी लागते, कारण खळ शिल्लक राहिली तर रंगही नीट बसत नाही आणि कसरीला आयतेच खाद्य मिळते. काळ्या दख्खनी लोकरीला मात्र रंगाच्या भानगडीत न पाडता तिच्या अंगच्या रंगातच वापरावे. तो रंग उन्हाने फार थोडा उतरतो.

कापड हातात घेतल्यावर त्याची खातरजमा कशी करावी? कडेचे दोन धागे, एक उभा आणि एक आडवा, काढून पेटवून पाहावेत. खरी लोकर सावकाश जळते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर करताच बहुधा विझते, आणि उरलेली राख बोटांनी चिरडली असता तिचा भुगा होतो. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गुठळी बनते. दोन्ही धागे जाळावयाचे कारण असे की उभा धागा सुती वा कृत्रिम आणि आडवा तेवढा लोकरीचा, अशी भेसळ पुष्कळदा असते. पुढे कापड उजेडासमोर धरावे, विणीत कोठे विरळ पट्टे दिसतात काय ते पाहावे, आणि मुठीत घट्ट दाबून सोडावे. चांगले कापड चुणी टाकून देते. शेवटी पांढरा रुमाल ओला करून कापडावर घासावा. रुमालाला रंग लागला तर ते कापड अजून कोटासाठी तयार नाही एवढेच समजावे, ते वाईटच आहे असे नव्हे.

आता रंगाविषयी. हा भाग सविस्तर लिहिणे मला अगत्याचे वाटते, कारण कोटाचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे असते आणि चुकलेला रंग तेवढी वर्षे डोळ्यांसमोर राहतो. शक्य असेल तर विणलेले कापड न रंगविता सुताच्या लडी रंगवाव्यात. रंगाच्या कढईत ढवळले जाताना विणलेले लोकरीचे कापड आटते व त्यावर वळ्या उठतात. लडींना ते भय फार कमी. साधारण बांध्याच्या पुरुषाच्या कोटाला मागावरची नासधूस धरून सुमारे दीड किलो सूत लागते, आणि हे सर्व सूत एकाच कढईत, एकाच दिवशी रंगविणे हे पहिले पथ्य होय. कढई लहान असेल आणि दोन खेपा कराव्याच लागल्या तर विणकराला दोन्ही खेपांच्या लडी आलटून पालटून वापरण्याची ताकीद द्यावी, म्हणजे फरक पट्ट्याच्या रूपाने एका जागी न दिसता सर्व कापडात विरून जातो.

लोकर ही प्राणिज वस्तू असल्यामुळे तिला खार सोसत नाही आणि आंबट सोसते. सुती कापडाचे सर्व संस्कार येथे उलटे समजावे. धुण्याचा सोडा, पापडखार, कडक साबण यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. सूत प्रथम रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून त्यातील तेलकटपणा काढावा, मग तुरटीच्या पाण्यात घालावे. कोरड्या सुताच्या वजनाच्या दहा ते बारा टक्के तुरटी, म्हणजे किलोला शंभर ते एकशेवीस ग्रॅम, पुरे होते. अधिक घातल्यास लोकर चिकट व कडक होते. काही रंगारी जोडीला तुरटीच्या निम्मे क्रीम ऑफ टार्टर घालतात, त्याने लोकरीचा मऊपणा टिकतो. पाणी हळूहळू तापवीत ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत आणावे, तासभर तेथेच ठेवावे, खळखळ उकळू देऊ नये, आणि मग कढई उतरवून सूत त्याच पाण्यात रात्रभर निवू द्यावे. गरम लोकर एकदम थंड पाण्यात टाकली की ती आखडते आणि मग कोणत्याही उपायाने मोकळी होत नाही. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे, कारण लोखंड आणि तांबे दोन्ही रंगात आपला हात घालतात. आणि रंगाला वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

रंगद्रव्यांपैकी कोटासाठी मी चारांवर विसंबतो. मंजिष्ठ विटकरी-तांबडा रंग देते, पण पाणी सत्तर अंशांच्या पलीकडे गेले की त्यात तपकिरी छटा शिरते. ज्यांना तांबडा हवा त्यांनी सबुरी ठेवावी, ज्यांना विटकरी हवा त्यांनी तापवीत जावे. लाखेचा रंग किरमिजी आणि लोकरीवर विशेष खुलणारा. हिरडा व डाळिंबाची साल यांच्यावर हिराकस दिल्यास करड्यापासून काळसर हिरव्यापर्यंतच्या अशा छटा मिळतात की ज्या कचेरीपासून लग्नापर्यंत कोठेही शोभतात. मात्र हिराकस सुताच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांहून अधिक नसावा, नाहीतर लोकर खरखरीत होऊन काही वर्षांत तुटू लागते, आणि तो मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा. चौथी नीळ. तिला तुरटीची गरज नाही. लोकरीसाठी निळीच्या रांजणात खाराचे प्रमाण सुतीपेक्षा कमी ठेवावे, पाणी हाताला चांगले कोमट लागेल इतके, पंचेचाळीस ते पन्नास अंशांचे असावे, आणि एकदाच दीर्घकाळ बुडविण्याऐवजी अनेकदा थोडा थोडा वेळ बुडवून प्रत्येक वेळी हवेत धरावे. रांजणातून हिरवट-पिवळी निघालेली लड डोळ्यांदेखत निळी होते. शेवटच्या धुण्यात थोडा सिरका टाकला म्हणजे उरलेला खार मरतो. हिरवा रंग हवा असेल तर प्रथम नीळ आणि तीवर डाळिंबाची साल. काश्मीरकडे अक्रोडाच्या हिरव्या सालीचा तपकिरी रंग करतात, तोही अत्यंत पक्का असतो आणि त्याला तुरटीदेखील लागत नाही.

हळद आणि पळसाची फुले यांचा मोह मात्र आवरावा. त्यांचे पिवळे फार मनोहर असते. मुलांच्या झबल्याला, उत्सवाच्या वस्त्राला ते अवश्य द्यावे. परंतु हळदीचा रंग उन्हात झपाट्याने उतरतो व साबण लागताच तांबूस होतो, आणि पळसाचाही भरवसा नाही. त्याचप्रमाणे, वनस्पतींचे रंग तेवढे पवित्र आणि रासायनिक सर्व त्याज्य असा अभिनिवेशही नसावा. लोकरीसाठी खास केलेले आम्लवर्गी रंग गालिच्यांच्या रंगाऱ्यांकडे असतात, ते हातानेच दिले जातात, आणि गडद निळा किंवा काळा हवा असल्यास त्यांचा पक्केपणा पुष्कळदा सरस ठरतो. पाण्याचीही काळजी घ्यावी. जड पाण्याने मंजिष्ठ गडद होते आणि काही नाजूक छटा मळतात, जुन्या लोखंडी नळाच्या पाण्याने पिवळे रंग मंदावतात. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी गच्चीवरील पहिल्या दोन-चार सरी वाहून जाऊ दिल्यावर पुढचे पावसाचे पाणी पिंपांत साठवून ते रंगासाठी राखावे.

रंगाची परीक्षा करण्यास आमचे वैशाखाचे ऊन हे सर्वांत निष्ठुर आणि म्हणूनच सर्वांत विश्वसनीय साधन आहे. रंगविलेल्या सुताचा तुकडा पुठ्ठ्यावर गुंडाळून त्याचा अर्धा भाग दुसऱ्या पुठ्ठ्याने झाकावा आणि दक्षिणेच्या खिडकीत महिनाभर ठेवावा. महिन्याने झाकण काढून पाहिले म्हणजे दोन्ही भागांतील अंतर सांगेल की हा रंग वीस वर्षे सोबत करील की दोन.

कापड मागावरून उतरले की त्याचा पन्हा मोजावा, आणि मगच तऱ्हेचा विचार करावा. हातमागाच्या पट्टीचा पन्हा पुष्कळदा सत्तावीस ते तीस इंचच असतो. त्या हिशेबाने कमरेखालपर्यंतच्या कोटाला चार ते साडेचार मीटर, आणि दुप्पट पन्ह्याच्या कापडात दोन ते सव्वादोन मीटर लागतात. गुडघ्यापर्यंतच्या ओव्हरकोटाला दुप्पट पन्ह्याचे तीन ते सव्वातीन मीटर, बंडीला सव्वा ते दीड. या प्रत्येक आकड्यावर आटण्यासाठी दहावा हिस्सा अधिक धरावा. अरुंद पन्हा हा दोष मानणे बरोबर नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवरील हॅरिस ट्वीड, ज्याला १९९३ साली तेथील पार्लमेंटाने स्वतंत्र कायद्याचे संरक्षण दिले आणि जे त्या कायद्यान्वये बेटवासीयांनी आपल्या घरीच विणावे लागते, तेही दीर्घकाळ पंच्याहत्तर सेंटीमीटरच्या पन्ह्यात विणले जात आले आणि जगभरच्या उत्तम कोटांना पुरले. आपली बाराबंदी आणि अंगरखा तर अरुंद पन्ह्यातूनच जन्मले: सरळ पट्ट्या, काखेत चौकोनी ठिगळ, आणि जोड तेथे जेथे काठ येतो. त्या परंपरेचे तारतम्य बाळगून आजचा कोट आखावयाचा तर पाठीच्या मध्यावर शिवण, दोन्ही कुशींना वेगळी पट्टी, आणि बंद गळा अशी रचना सर्वांत सोयीची. उघड्या गळ्याचा, दुमडलेल्या छातीचा कोट जाड कापडात चार-चार पदर एका जागी आणतो आणि गळ्याशी बोजड होतो. बंदगळ्यात तो प्रश्नच राहत नाही. गळपट्टीचा आतला पदर मात्र लोकरीचा न ठेवता मखमलीचा वा सुती सॅटीनचा ठेवावा, मानेला टोचत नाही.

आता ज्या एका गोष्टीकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ती, म्हणजे कापड आटवून घेणे. कापडाच्या एका कोपऱ्यात विरोधी रंगाच्या दोऱ्याने पंचवीस सेंटीमीटरचा चौकोन आखावा, तो कोपरा कोमट पाण्यात भिजवून सावलीत वाळवावा आणि पुन्हा मोजावा. चौकोन एक सेंटीमीटरने लहान झाला तर कापड शेकडा चार आटले. एवढे आटणे स्वाभाविक आहे. दोन सेंटीमीटरच्या पुढे गेले तर कापड मागावरून उतरल्यावर त्याच्यावर पाण्याचा संस्कारच झालेला नाही असे समजून ते संपूर्ण भिजवावे: कोमट पाणी, सौम्य साबण, हाताने नुसते दाबणे, त्याच उष्णतेच्या पाण्यात दोनदा खंगाळणे, न पिळता टॉवेलात गुंडाळून पाणी काढणे. कमी आटणाऱ्या कापडाला एवढा खटाटोप नको. सुती चादर भिजवून घट्ट पिळावी, जमिनीवर पसरावी, तीवर कापड अंथरावे, दोन्ही मिळून सैलसर गुंडाळी करावी आणि ती रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी कापड चटईवर सपाट पसरून सावलीत वाळू द्यावे. दोरीवर टांगू नये, कारण ओली लोकर स्वतःच्या भारानेच लांबते. वाळल्यानंतर दोन दिवस कापड तसेच पडू द्यावे आणि मगच शिंप्याकडे न्यावे. अस्तर आणि कॅनव्हास हेही अगोदर भिजवून वाळवावेत. बाहेरचे कापड आटवून आतले न आटविल्यास पहिल्या पावसाळ्यानंतर छातीवर फुगे धरतात.

कापण्यापूर्वी कापड सकाळच्या उजेडात पूर्ण लांबीने पसरावे आणि सावकाश पाहावे. हाताच्या रंगात छटांचे चढउतार असतात, हातच्या सुतात कोठे जाड धागा येतो. जेथे जेथे असे काही दिसेल तेथे दोऱ्याची निशाणी करावी. यानंतर कापडाचा नकाशा मनात तयार होतो. दोन्ही छात्या आणि बाह्यांचे पुढले भाग कापडाच्या एकाच पट्ट्यातून, शेजारी शेजारी, एकाच दिशेने कापावे. फिकट किंवा गाठाळ भाग बाहीच्या आतल्या बाजूला, खिशाच्या झाकणाच्या मागे आणि अशाच झाकल्या जाणाऱ्या जागी द्यावा. कापड दुहेरी घडी घालून कापू नये; एकेक पदर, सुलट बाजू वर ठेवून, कागदाचा नमुना उलटसुलट करून कापावा. आडवा धागा तिरका गेला असेल तर एक आडवा धागा ओढून सरळ रेघ शोधावी आणि दमट असताना कापड कोपऱ्यांतून ताणून चौकोनात आणावे. कुशीच्या आणि पाठीच्या शिवणीत इंचभर दाब सोडावा, कारण हे कापड सुटते, आणि कारण वय वाढते तसा माणसाचा घेरही वाढतो. कापलेल्या कडा त्याच दिवशी इंटरलॉक करून घ्याव्यात. खांदे आणि गळा यांवर आतून सुती फीत शिवली नाही तर पहिल्याच हिवाळ्यात खांदे उतरतात.

शिंप्याशी बोलताना दोन बाबतींत हट्ट धरावा. पहिली बाब कॅनव्हासची. इस्त्रीने चिकटणारे फ्यूजिंग बहुतेक ठिकाणी रूढ आहे आणि शिंप्याचे श्रम त्याने वाचतात, पण हातमागाची लोकर हवेबरोबर किंचित फुलते-आखडते आणि चिकटलेला थर तिला तसे करू देत नाही, म्हणून तो थोड्याच काळात सुटून पापुद्र्यासारखा उचलतो. छातीत शिवलेलेच कॅनव्हास हवे, मग त्यासाठी मजुरी अधिक द्यावी लागली तरी हरकत नाही. दुसरी बाब कच्च्या शिवणीची. “मास्टरजी, आधी कच्चं करून अंगावर दाखवा, अस्तर नंतर लावा,” एवढे स्पष्ट सांगावे, आणि ट्रायलच्या वेळी आत जो सदरा व स्वेटर घालावयाचा तोच घालून जावे. मुंढा उंच आणि बाही जरा मोकळी असेल तर हात वर करताना सबंध कोट वर उचलला जात नाही. यंत्राची सुई सोळा वा अठरा नंबरची, टाके इंचाला आठ-नऊ. काजे मात्र हाताने भरलेली असावीत. इस्त्री नेहमी दमट सुती फडक्यावरून, दाबून आणि उचलून करावी, घासून कधीही नाही. घासलेल्या जागी लव मरून जी चकाकी येते ती पुढे जात नाही. लग्नसराईच्या तोंडावर असा कोट शिवावयास देणे हा त्या शिंप्यावर आणि त्या कापडावर सारखाच अन्याय आहे.

अस्तराच्या बाबतीत आमच्या भागातल्या वाचकांना चंदेरीचा मोह होणे साहजिक आहे, कारण चंदेरी जवळ आहे आणि शिंदेशाहीतील ग्वाल्हेर संस्थानाचाच तो एक भाग होता. पण चंदेरीचे वस्त्र इतके तलम असते की काखेत आणि खिशाच्या तोंडाशी ते वर्षभरही टिकत नाही. हौसच असेल तर पाठीच्या वरच्या भागात आणि आतल्या खिशाला ते लावावे. बाह्यांना घट्ट विणीचे व गुळगुळीत अस्तरच हवे, म्हणजे सदऱ्याची बाही अडकत नाही. पाठीच्या अस्तराला मध्यावर उभी चुणी ठेवण्यास विसरू नये.

निळीचा कोट असल्यास पहिले काही दिवस त्याखाली पांढरा सदरा घालू नये. कितीही धुतला तरी निळीचा थोडा कण गळ्याला आणि मनगटाला लागतोच. दररोज उतरविल्यावर रुंद खांद्याच्या हँगरवर टांगून मऊ ब्रशाने वरून खाली झाडावा आणि एक दिवसाआड वापरावा. फाल्गुनात पेटीत ठेवण्यापूर्वी गळा आणि बाह्यांची टोके यांवरील मळ व अन्नाचे डाग ओल्या फडक्याने काढणे अगत्याचे, कारण कसर मळलेल्या जागीच प्रथम लागते. कोट धुतलेल्या जुन्या धोतरात गुंडाळावा, जवळ कडुलिंबाचा वाळलेला पाला वा डांबरगोळ्या ठेवाव्यात, पण डांबरगोळी कापडाला चिकटू देऊ नये. पावसाळा संपताच एकदा उघडून वाऱ्यावर धरावा, उन्हात नाही.

कापणीतून उरलेले मोठे तुकडे आणि त्याच रंगाच्या सुताची एक लहान लड विणकराकडून मागून घेऊन कोटाबरोबरच जपून ठेवावी. कोपर झिजते, खिशाची कड उसवते, कोठे खिळ्याने ओरखडा येतो. अशा वेळी रफूगाराला तोच दोरा हाती दिला तर रफू दिसत नाही. हाताने केलेली छटा पुन्हा हुबेहूब जुळविणे फार कठीण असते, आणि म्हणून लड मागण्याची खरी वेळ सूत मागावर चढण्यापूर्वीची आहे.